तात्या खणवाल्यांचे पाच बांधे

"स्त्रीदेहाचे शास्त्र संपूर्ण जाणणारा पुरुष कलियुगात एकच झाला, आणि तो करवीर क्षेत्री झाला."

हे वाक्य मी माझ्या हाताने, बोरूने, वळणदार अक्षरात लिहिलेले आहे. मत मात्र माझे नाही. तात्या खणवाल्यांचे ते स्वतःविषयीचे मत होते, आणि मी त्यांच्या दुकानाच्या माडीवर भाडेकरू होतो. घरमालकाने सांगितलेले वाक्य भाडेकरूने लिहून घ्यावे, यात शास्त्राचा काही संबंध येत नाही.

महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. संस्थानातल्या गिरणीचा भोंगा तेव्हा अजून वाजू लागला नव्हता आणि गावात लोक देवळातल्या घंटेवरून वेळ ओळखत. महाद्वाराकडून गुजरीकडे वळताना डाव्या हाताला तात्यांचे दुकान होते. लुगडी, खण आणि शिवलेल्या चोळ्या तिथे मिळत. तात्या चार हात उंच, पाठीचा कणा छत्रीच्या दांड्यासारखा सरळ, डोक्यावर कायम पागोटे. गादीवर बसून ते हातात लोखंडी गज धरत. गज कापड मोजायचा असतो, पण तात्यांनी त्याने कापड मोजलेले मी पाहिले नाही. ते काम गडी करत. दुकानाची पायरी कुणी बाई चढू लागली की तात्या एक डोळा मिटत, गज हातभर लांब धरून तिच्या रोखाने उभा करत आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देत : "उतरंड!"

तात्यांच्या मते जगातल्या समस्त स्त्रियांचे बांधे पाच : घागर, मुसळ, उखळ, पळी आणि उतरंड. घागर म्हणजे मधोमध फुगलेली. तिला गडद अंगाचे, उभ्या रेघांचे लुगडे आणि बारीक काठ. मुसळ म्हणजे वरपासून खालपर्यंत सारखी. तिला चौकडी आणि रुंद काठ, म्हणजे कुठेतरी काही आहे असे वाटावे. उखळ बुटकी आणि जाड. तिला आडवे काही देणे पाप. पळी वर भरलेली, खाली काडी. तिने निऱ्या भरपूर घ्याव्यात. उतरंड खाली रुंद होत जाते. तिच्या लुगड्याला पदर भरजरी हवा, म्हणजे बघणाऱ्याची नजर वरच अडकते. सगळ्या उपमा स्वयंपाकघरातल्या होत्या. तात्या स्वयंपाकघरात फक्त जेवायला जात.

हे शास्त्र त्यांना ग्रंथरूपाने मागे ठेवायचे होते. मी शाळेत संस्कृत शिकवत असे, म्हणून लेखनिकाची नेमणूक आपोआप माझ्याकडे आली.

"मास्तर, प्रत्येक बांध्याच्या आरंभी एक श्लोक हवा."

"कुठल्या ग्रंथातला?"

"जुन्या."

"जुन्या ग्रंथात असे काही नाही, तात्या."

"नसेल तर तुम्ही घाला. जुना वाटेल असा घाला, म्हणजे झालं."

मी पाच श्लोक रचले. एकात यती चुकली होती. महिन्याभराने तात्या तोच श्लोक गिऱ्हाइकापुढे हात जोडून म्हणताना ऐकला. "ऋषींचं वचन आहे, आर्ष प्रयोग आहे," असे ते यतीभंगाबद्दल सांगत होते. मी जिन्यावर उभा होतो. खाली उतरून खुलासा करावा असे मला वाटले नाही. त्यांच्याविषयी मला जो तिटकारा आहे, त्यातला थोडा वाटा माझाही आहे, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

शास्त्राला पहिला धक्का शाहूवाडीकडच्या एका बाईने दिला. भाताच्या लावणीचे दिवस तोंडावर आले होते. बाई चांगली आडवी, रापलेली. डोक्यावरची पाटी पायरीवर ठेवून ती वर आली. तात्यांनी गज उभा केला.

"बाई, आपला बांधा घागरीचा. आपणास रुंद काठ वर्ज्य."

"घागर व्हय?" बाई म्हणाली. "मग उचला की डोक्यावर. बघू कुठवर नेताय."

गडी गालातल्या गालात हसले. तात्या म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. शास्त्र आहे हे."

"असूं दे की शास्त्र. मला रोपं लावायला गुडघाभर चिखलात उभं ऱ्हायचं हाय. रेघा उभ्या का आडव्या, ते चिखलाला काय कळतंय?"

तिने चार लुगडी उलगडून घेतली. एकेकाचा काठ दोन्ही मुठीत धरून हिसडा दिला आणि कान लावून आवाज ऐकला. मग कोपऱ्याला थुंकी लावून अंगठ्याने रंग चोळून पाहिला. शेवटी सगळ्यात रुंद काठाचे, लालभडक लुगडे काखेत मारले. पायरी उतरताना ती वळली.

"आन पावणं, तुमचा बांधा कशाचा म्हनायचा?"

तात्यांनी गज खाली ठेवला.

"न्हाय, येवढी भांडी मांडल्यासा, त्यात तुमचं कंचं, येवढंच इचारलं."

त्या संध्याकाळी तात्यांनी ग्रंथात एक टीप घालायला लावली : "हे शास्त्र शेतकरी स्त्रियांस लागू नाही." पुढल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका कोष्टिणीने कापडाच्या विणीवरून त्यांना चार गोष्टी सुनावल्या, तेव्हा कोष्टी स्त्रिया वगळल्या. मग लेकुरवाळ्या वगळल्या, मग वृद्धा. असे वगळता वगळता ते शास्त्र अखेर ज्या बायका तात्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या, तेवढ्यांनाच लागू राहिले.

आणि अशा बायका कोल्हापुरात पुष्कळ होत्या. सरदार-मानकऱ्यांच्या घरी गोषा असे. तिथल्या बायका दुकानात येत नसत आणि परका पुरुष आत जात नसे. चोळ्या शिवायच्या झाल्या की घरची कुणबीण, म्हणजे दासी, मापाला म्हणून एक जुनी चोळी घेऊन येई. ती आली की अमीनाबी दोरा घेऊन तिच्याबरोबर त्या घरी जाई.

अमीनाबी दुकानाच्या मागच्या खणात पडद्याआड बसून चोळ्या शिवायची. नवरा प्लेगात गेला तेव्हापासून त्याची जागा तिने घेतली होती. तिला अक्षर येत नव्हते. ती दोऱ्याला गाठी मारून माप घेई : छातीची एक गाठ, पाठीची एक, दंडाची एक. प्रत्येक बाईचा दोरा वेगळा, आणि ओळखीला त्याला एका चिंधीचा तुकडा बांधलेला. भिंतीवरच्या खुंटीला असा दोऱ्यांचा झुबका लोंबत असे. निम्म्या कोल्हापूरच्या बायका त्या खुंटीला टांगलेल्या होत्या, आणि तिच्याशिवाय कुणाला त्यातली एकही ओळखता आली नसती.

"गाठींना का शास्त्र म्हणतात?" तात्या मला विचारत.

मी एकदा तिलाच विचारले, बाईच्या बांध्यावरून काय ओळखायचे असते. तिने सुई तोंडात धरली होती, ती काढून म्हणाली, "बांधा बघून काय कळतंय, मास्तर? अंगाला इचारायचं असतंय. बाईला म्हनायचं, हात वर कर. वाक. पोर काखंत घे. कुठं वढतंय ते बघायचं आन मग कातर लावायची. उभ्या बाईची चोळी कुनीबी शिवंल. बाई दिसभर उभी असती व्हय?"

हे मी ग्रंथात घातले नाही. तात्यांनी सांगितले नव्हते.

तात्यांना आयुष्यात एक गोष्ट हवी होती. दुकानावर 'राजमान्य' अशी पाटी लागावी. एकदा ते पाच बांध्यांचा रंगीत तक्ता घेऊन महाराजांच्या गाडीच्या वाटेवर तीन तास उभे राहिले होते. गाडी आली आणि गेली. महाराजांच्या अंगात जाडाभरडा सुती अंगरखा होता, तात्यांच्या अंगात रेशमी. बघ्यांपैकी एकाने कुणी मानकरी समजून तात्यांनाच मुजरा केला. तेवढ्यावर ते वर्षभर खूष होते. अशात एका सरदार घराण्यातून लेकीच्या लग्नाच्या चोळ्यांचे काम आले. अकरा चोळ्या. त्या घराचा शब्द दरबारात चाले, म्हणजे पाटी हातभर अंतरावर आली होती.

हे कळल्यावर अमीनाबी पडद्यातून बाहेर आली. "मालक, तिथं मला जाऊ द्या. त्या पोरीचं माप हातानंच घ्यावं लागतंय."

"का?"

"लागतंय."

कारण मला मागाहून कळले, पण ते इथेच सांगतो. मुलीचा डावा दंड लहानपणच्या तापात वाळून काडी झाला होता. सासरच्यांना हे ठाऊक होते, त्यांनी पाहून-सवरून मुलगी पत्करली होती. पण हळदीला आणि मांडवात चारशे बायका जमणार. त्यांनी कुजबुजत आपल्या हाताकडे बघावे, हे मुलीला नको होते. सात वर्षांची असल्यापासून तिच्या चोळ्या अमीनाबी शिवत आली होती. डाव्या बाहीला आतून दुपदरी अस्तर घालून ती दंड भरून काढी, आणि तेही असे की हात हलला तरी घडी पडू नये. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. तात्यांना सांगणे म्हणजे दवंडी पिटणे.

तात्यांनी तिला जाऊ दिले नाही. या खेपेला त्यांना शास्त्राची प्रचीती द्यायची होती. त्यांनी घरच्या कारभाऱ्यालाच मापाची चोळी घेऊन दुकानात बोलावले. चार ओळखीचे लोक गादीवर बसवले. मलाही श्लोकासाठी खाली बोलावले. कारभाऱ्याने रुमालातून चोळी काढून दिली. तात्यांनी ती उजेडाकडे धरली, उलटी केली, डोळे मिटून बोटांनी चाचपली.

"चोळी म्हणजे स्त्रीची कुंडली," ते म्हणाले. "मुलगी भरदार आहे. दंड थोर. उतरंड वर्गातली उत्तम प्रत. बरोबर?"

कारभाऱ्याने मान डोलावली. त्याने मुलीला शेवटचे पाहिले तेव्हा ती पाच वर्षांची होती. ज्या मुलीला दोघांपैकी एकाने कधीच आणि दुसऱ्याने दहा वर्षांत पाहिले नव्हते, तिच्याविषयी दोघांचे पूर्ण एकमत झाले.

पडद्यामागून अमीनाबी म्हणाली, "मालक, ही चोळी पोरीची न्हाय. फोडणीचा वास येतोय की हिला."

तिचे म्हणणे खरे होते, आणि धंद्यातल्या कुणालाही ते कळायला हवे होते. लग्न ठरलेल्या मुलीचे अंगावरचे वापरलेले कापड घराबाहेर जाऊ देत नाहीत. कुणी त्यावर करणी करील, ही भीती. म्हणून अशा वेळी घरातल्या भलत्याच बाईची चोळी पाठवतात. ती फक्त निरोपाची खूण असते : काम आहे, माप घ्यायला बाई पाठवा. इतकी वर्षे बाई जात होती, म्हणून तात्यांना हे कळण्याची कधी पाळीच आली नव्हती.

"थोरामोठ्यांच्या घरी लेकींना सुगरणपणा शिकवतात," तात्या म्हणाले. कारभाऱ्याने पुन्हा मान डोलावली. तो गेल्यावर तात्या पडद्याकडे वळले. चिडले की त्यांची शुद्ध भाषा सुटत असे. "चार मान्सांत माझी अब्रू काढतीस व्हय? उद्यापास्नं येऊ नगंस."

अमीनाबीने खुंटीवरचा झुबका काढला, पदरात बांधला आणि गेली.

दुसऱ्या शिंप्याकडून अकरा चोळ्या शिवून झाल्या. त्या परातीत रचून, वर जरीचा रुमाल घालून, गालिचा अंथरलेल्या छकड्यातून निघाल्या. पुढे एक सनईवाला. दुकानाच्या दारात मला उतरंडीचा श्लोक म्हणावा लागला. यती चुकलेला तोच होता.

तिसऱ्या दिवशी त्या घरची कुणबीण तानी दुकानाच्या मागच्या बाजूने आली आणि मला अमीनाबीचे घर विचारू लागली. मी तिला घेऊन गेलो. अमीनाबी अंगणात सूप पाखडत होती.

"चोळ्या मिळाल्या?" तिने विचारले.

"मिळाल्या की. अकराच्या अकरा आमच्या सैपाकिणीला बसल्या. तिचीच चोळी दिलती मापाला. ती म्हनती, आता मरंस्तवर चोळीची काळजी मिटली."

"आन पोरगी?"

"रडतीया. खोलीतनं भाईर येत न्हाय. परवा हळद हाय. म्हनती, अमीनाबी आली तरच येते, न्हायतर न्हाय."

अमीनाबीने सूप ठेवले, आत गेली आणि निळ्या चिंधीचा एक दोरा घेऊन आली.

"उंची वाढली?"

"बोटभर."

"हात?"

"हाय तसाच."

तिने डोक्यावर पदर घेतला. "चल. मास्तर, तुम्ही दार तेवढं वढून घ्या." त्या दोघी गेल्या. मी दार ओढून घेतले आणि परत आलो. त्या घरी उपयोगी पडेल असे माझ्याकडे काही नव्हते. पाच श्लोक होते.

दोन दिवस त्या घरात बसून तिने दोन चोळ्या शिवल्या, एक हळदीची आणि एक मांडवातली. मुलीने चारशे बायकांदेखत दोन्ही हात वर करून नवऱ्याला माळ घातली. कुणाला काही दिसले नाही. त्या शिवणीचे काम तेवढेच होते.

आता न्यायाने तात्यांची शोभा व्हायला हवी होती. पण तक्रार करायची म्हणजे सैपाकिणीची चोळी लेकीची म्हणून दिली हे त्या घराने कबूल करायचे, आणि कारभाऱ्याने ती ओळखली नाही हेही. दोन्हीकडची प्रतिष्ठा सारखीच नाजूक होती. म्हणून त्या घराने अशा प्रसंगी थोर घराणी करतात तेच केले. तात्यांना शाल आणि पागोटे पाठवले. पुढे शब्दही टाकला. पाटी लागली. "वधू कशी दिसली ते सगळ्यांनी पाहिलं," असे तात्या त्यानंतर मरेपर्यंत सांगत होते. "एक जुनी चोळी, बास. बाकी शास्त्र."

दरम्यान मोठ्या घरांची कामे खोळंबली होती, कारण मोठी घरे खुंटीवरून नाहीशी झाली होती. तात्यांनी मला मध्यस्थ म्हणून धाडले. अमीनाबीने सगळे ऐकून घेतले.

"येते," ती म्हणाली. "पन माप मी घेनार. बोलायचं तेवढं त्यांनी."

"ते सगळं श्रेय स्वतःकडे घेताहेत, ठाऊक आहे का?"

"घेऊं द्या की. पोरीचा हात झाकला न्हवं? मग त्यांचं त्वांड झाकून मला काय करायचं?"

मला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, अजूनही वाटत नाही. पण ती दुसऱ्या दिवशी आली आणि झुबका खुंटीला लावून कामाला बसली. ग्रंथ काही छापला गेला नाही. सहावा बांधा सापडत असल्याचे तात्या अधूनमधून सांगत.

गिरणीचा भोंगा सुरू झाल्यावर काही वर्षांनी तात्या गेले. गादीवरच, गज हातात असताना. मरण चांगले आले, असे सगळे म्हणाले. तेराव्याला वाचायला म्हणून एकाने माझ्याकडे त्यांच्यावर श्लोकही मागितला. दुकान बंद केलेले, म्हणून त्यांच्या पुतण्याने समोरच्या दुकानातून पांढरे कापड आणले. अंगावर घातले तेव्हा घोट्यांपासून खाली पाय उघडे राहिले. वर ओढले तर तोंड उघडे पडले.

शेजारच्या बायकांबरोबर अमीनाबी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने विचारले, "माप कुनी घेतलंतं?"

"नजरेनंच आणलं," पुतण्या म्हणाला. "काकांचा अंदाज व्हता की मला."

कुणीतरी त्या सन्मानाच्या शालीची आठवण काढली. शाल पेटीत होती आणि पेटीची किल्ली पुतण्याच्या करगोट्याला होती, पण ती गाठ त्याला त्या घाईत सुटेना. शेवटी पायांवर एक उपरणे टाकून तिरडी उचलली. उपरणे माझे होते, आणि नवे होते.